मोबाईल गाडीच्या स्टीरिओला जोडताना

नमस्कार. आमच्या फोंड्याच्या दुकानातून स्टीरिओ बसवून घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही हे पत्रक देतो. ते गाडीच्या खणात कागदपत्रांसोबत ठेवा. स्टीरिओ आमच्याकडचा नसला, कंपनीनेच गाडीत दिलेला असला, तरी यातले बरेचसे लागू पडते.

मोबाईल जोडला, गाणे वाजले, की जोडणी झाली असे वाटते. गाणे सोपे असते, त्यात आवाज एकाच बाजूने येतो. कॉलमध्ये तो दोन्ही बाजूंनी जातो आणि आपला आवाज पलीकडे कसा पोचतो हे गाडीत बसून आपल्याला कधीच कळत नाही. आमच्याकडे परत येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच एका गोष्टीच्या असतात. "विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतो" असे घरचे सांगतात आणि दोष स्टीरिओला जातो. उघडून पाहिले तर स्टीरिओ ठीक असतो, माईक चुकीच्या जागी लावलेला असतो.

पहिली जोडणी

ही अंगणात, गाडी उभी असताना करा. रस्त्यावर, सिग्नलला थांबल्यावरही नको. स्टीरिओच्या मेनूत ब्लूटूथ उघडून पेअरिंग सुरू करा, मग मोबाईलच्या सेटिंगमधले ब्लूटूथ उघडा. स्टीरिओचे नाव दिसले की त्यावर बोट ठेवा. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या येईल. ती सारखीच आहे ना, हे बघून मगच मान्य करा. मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारात गाडी उभी असताना यादीत एकाच कंपनीचे दोन-तीन स्टीरिओ दिसू शकतात, आणि आपला मोबाईल शेजारच्या गाडीला जोडला जाऊ नये म्हणूनच ही संख्या असते. 2007 च्या आधीच्या ब्लूटूथवर चालणारे जुने स्टीरिओ चार आकडी पिन मागतात. तो बहुधा 0000 किंवा 1234 असतो.

यानंतर मोबाईल एक-दोन परवानग्या विचारतो. इथे घाई होते. संपर्कांची परवानगी नाकारली तर स्टीरिओवर नाव येत नाही, नुसता नंबर येतो, आणि कोणाचा फोन आहे हे बघायला माणूस मोबाईल हातात घेतो. मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

नावांबद्दल आणखी एक. आपल्यापैकी पुष्कळ जण नावे देवनागरीत ठेवतात. नव्या टचस्क्रीनवर ती नीट दिसतात, पण एका ओळीच्या पडद्याच्या स्टीरिओवर त्यांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येतात. तो बिघाड नाही, त्या स्टीरिओत देवनागरी अक्षरेच नसतात. गाडीत ज्यांचे फोन येतात अशी आठ-दहा नावे रोमन अक्षरांत करून घ्या, बाकीची राहू द्या.

गाणे वाजते पण कॉल मोबाईलवरच राहतो, अशी अडचण घेऊनही लोक येतात. ब्लूटूथमध्ये गाण्यांचा आणि कॉलचा मार्ग वेगळा असतो. मोबाईलच्या ब्लूटूथ यादीत स्टीरिओच्या नावासमोरचे चक्र दाबा. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये तिथे कॉलचे आणि मीडियाचे बटण वेगवेगळे दिसते. कॉलचे बंद असेल तर सुरू करा, दुकानात यायची गरज नाही. तरीही जमले नाही तर जोडणी दोन्हीकडून पुसा, मोबाईलमधूनही आणि स्टीरिओमधूनही, आणि पहिल्यापासून करा. एकाच बाजूने पुसल्यास जुनी नोंद आडवी येते.

माईक

स्टीरिओच्या तोंडावरच बारीक भोकाचा माईक असतो. तो गिअरच्या वर, ड्रायव्हरच्या छातीच्या खाली, आणि स्पीकर व एसीच्या झोतांच्या मधोमध येतो. त्यापेक्षा वायरीचा वेगळा माईक नेहमीच बरा. ज्या स्टीरिओच्या मागे माईकचे भोक आहे, त्याला तो लावूनच घ्या. स्टीरिओच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही, आणि कॉलमध्ये जो फरक पडतो तो महागड्या स्टीरिओनेही पडत नाही.

जागा कोणती? आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून समोरच्या काचेशेजारच्या उजव्या खांबाचा वरचा भाग किंवा ड्रायव्हरसमोरची उन्हाची झडप. तोंडापासून अंतर दीड-दोन फूट, माईकचे तोंड तुमच्या तोंडाकडे. वायर खांबाच्या आवरणाआडून खाली न्यावी, पण ज्या गाडीत खांबात एअरबॅग आहे तिथे वायर एअरबॅगच्या मागून जायला हवी, पुढून नाही. हे स्वतः करू नका.

आता गोव्याच्या पावसाची गोष्ट. जूनपासून चार महिने काच आतून धुकट होते, आणि आपण हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडतो. तो काचेवरून वर चढतो आणि छतापाशी बसवलेल्या माईकवर थेट आदळतो. वाळपईचे एक ग्राहक तीन वेळा आले. उन्हाळ्यात कॉल उत्तम, पावसाळ्यात पलीकडच्याला नुसते घोंघावणे. आम्ही स्टीरिओ बदलून दिला, माईक बदलून दिला. तिसऱ्या वेळी गाडीतून त्यांच्यासोबत चोर्ल्याच्या दिशेने गेलो तेव्हा कळले, पंखा चारवर होता आणि माईक आरशाच्या बुडाशी. माईक खांबावर चार इंच खाली सरकवला, त्याला स्पंजची टोपी घातली, प्रश्न संपला. तेव्हापासून आम्ही माईक बसवला की काचेचा झोत पूर्ण सोडून घरी एक फोन करतो, मगच गाडी ताब्यात देतो.

तुम्हीही असेच करा. उभ्या गाडीतून घरच्यांना फोन लावा आणि विचारा. मग एसी लावून, मग खिडकी अर्धी उघडून. पलीकडून जे सांगतील तीच खरी परीक्षा.

समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष त्याच्याकडे नसून आपल्या गाडीत असतो. स्पीकरमधून आलेला त्याचा आवाज आपला माईक उचलून परत पाठवतो. कॉल चालू असताना आवाज कमी करा, कारण कॉलचा आवाज गाण्याच्या आवाजापासून वेगळा ठेवलेला असतो. तेवढ्याने भागले नाही तर सेटिंगमधली माईकची तीव्रता एक-दोन घर खाली आणा.

आवाज स्वच्छ पण बारीक, जुन्या टेलिफोनसारखा येतो, तर ती स्टीरिओच्या वयाची मर्यादा आहे. जुनी पद्धत सेकंदाला आठ हजार वेळा आवाजाची नोंद घेते, 2011 पासूनची नवी पद्धत सोळा हजार वेळा. मोबाईल नवा असून भागत नाही, स्टीरिओही तसाच हवा. नवा घेताना हे आम्हाला विचारा.

एकच मोबाईल नसतो

घरात दोघांचे मोबाईल त्याच गाडीला जोडलेले असतात. गाडी सुरू झाली की बहुतेक स्टीरिओ शेवटी जोडलेला मोबाईल आधी शोधतात. ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर. त्यामुळे तुम्ही गाडी अंगणात चालू करता आणि बाल्कांवात बसलेल्या बायकोचा फोन गाडीत वाजतो, तिकडे तिला आवाजच येत नाही. स्टीरिओत प्राधान्य ठरवायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर ज्याची गाडी त्याचाच मोबाईल कायम ठेवा आणि दुसऱ्याचे आपोआप जोडणे बंद करा. कानातले बिनवायरी बड्स आणि मनगटावरचे घड्याळही कॉल पळवतात. खिशात डबीचे झाकण उघडे राहिले तर आवाज गाडीत नाही, खिशात जातो.

काही स्टीरिओ पाच मोबाईल लक्षात ठेवतात, काही आठ. यादी भरली की बऱ्याचदा नवा जोडला जात नाही, जुने पुसावे लागतात.

रोज सकाळी जोडणी पुन्हा करावी लागते, घड्याळ आणि रेडिओची स्टेशनेही पुसलेली असतात? हा ब्लूटूथचा दोष नाही. स्टीरिओला दोन ठिकाणांहून वीज लागते: पिवळी वायर बॅटरीची, कायमची, आणि लाल वायर चावीवरची. ज्याने बसवला त्याने दोन्ही चावीवर जोडल्या असतील तर गाडी बंद होताच स्टीरिओ सगळे विसरतो. आमच्याकडे घेऊन या, दहा मिनिटांचे काम आहे. मात्र कोणी गाडीची मूळ वायर कापून पिळून जोडायला निघाला तर थांबवा. बहुतेक गाड्यांचा कपलर, म्हणजे वायर न कापता बसणारा तयार जोड, मिळतो, तो लावला की पुढे स्टीरिओ काढला तरी गाडी जशीच्या तशी राहते.

कॉलमध्ये शिट्टीसारखा आवाज, आणि इंजिनाचा वेग वाढला की तोही चढतो, तर काळ्या वायरीचे, म्हणजे अर्थिंगचे बघायचे. मिरामार, मोरजी, कोलव्याच्या बाजूला समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खारी हवा स्क्रूवर गंज धरते. घासून पुन्हा आवळला की शिट्टी जाते.

जुन्या स्टीरिओला काय करावे

ब्लूटूथ नसलेला स्टीरिओ टाकून द्यावा असे आम्ही सांगत नाही. ऑक्सची, म्हणजे हेडफोनसारख्या पिनची वायर लावली तर पलीकडचा आवाज स्पीकरवर येतो, पण साध्या वायरीत माईक नसतो, बोलणे मोबाईलच्याच माईकमधून जाते. म्हणून मोबाईल डॅशबोर्डवरच्या पकडीत ठेवा, खिशात नको. त्याच वेळी चार्जर लावल्यावर घरघर येऊ लागली तर दोघांच्या अर्थिंगचे भांडण असते, मध्ये आयसोलेटरचा छोटा डबा लावला की थांबते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारे, मोबाईलचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणारे एफएम ट्रान्समीटर आम्ही ठेवतो, पण कॉलसाठी ते सुचवत नाही. माईक गुडघ्यापाशी येतो, आणि शेजारी जोरदार स्टेशन असले की खरखर होते.

मोबाईलचा पडदाच गाडीत दाखवणारे अँड्रॉइड ऑटो ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे. केबल लावली तरी कॉल ब्लूटूथवरूनच जातात. "केबल लावलीय मग ब्लूटूथ कशाला" म्हणून ते बंद केले तर कॉल स्टीरिओवर येणारच नाहीत. ॲपलच्या कारप्लेमध्ये मात्र केबलवरून कॉलही जातो.

भाड्याच्या आणि विकायच्या गाड्या

गोव्यात भाड्याने गाडी देणारे खूप, आणि त्यांच्या स्टीरिओत आधीच्या पाहुण्यांचे अख्खे फोनबुक पडून असते. आम्ही अशा गाड्या दुरुस्तीला घेतो तेव्हा ते बघून वाईट वाटते. गाडी परत करताना, विकताना किंवा गॅरेजमध्ये सोडताना आपला मोबाईल यादीतून पुसा. विकायची असेल तर स्टीरिओच कारखान्याच्या मूळ स्थितीत न्या. भाड्याने गाडी देणाऱ्या आमच्या ग्राहकांना हे आम्ही फुकट करून देतो.

कायदा

सप्टेंबर 2019 पासून बदललेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार गाडी चालवताना मोबाईल हातात धरून वापरणे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दहा हजार रुपये दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नकाशा बघायला मोबाईल चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

आम्ही हात मोकळे करून देतो, मन मोकळे करून देऊ शकत नाही. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर तेहतीस मीटर आपण न बघता गेलो, आणि फर्मागुडीच्या उतारावर तेवढ्यात गुरे आडवी येतात. म्हणून नंबर लावायचा असेल तर गाडी बाजूला घ्या किंवा आवाजाने लावा. दुबईहून मुलाचा व्हॉट्सॲप कॉल आला आणि बोलणे लांबणार असेल तर "पोचल्यावर लावतो" एवढेच सांगा. घाटात आवाज तुटतो तो रेंज नसल्याने. स्टीरिओ ढवळत बसू नका.

स्टीरिओ बसवायला येताना गाडी चालवणाऱ्याचा मोबाईल पूर्ण चार्ज करून आणा, आणि शक्य तर चालवणाऱ्यालाच आणा, कारण माईकची जागा त्याच्या उंचीवर ठरते. वेळ दीड-दोन तास लागतो. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असते, म्हणून सकाळी अकराच्या आत गाडी लावलीत तर जेवायच्या आधी हातात मिळेल. गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यात गर्दी असते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून या.