घरच्या घरी भाजताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून बेकिंगचं सामान घेऊन गेल्यावर चार दिवसांनी येणारे फोन आता आम्हाला पाठ झाले आहेत. केक फुगला आणि मधेच बसला. नानकटाई ट्रेभर पसरून एकच मोठी पोळी झाली. पाव वरून छान दिसतो, पण कापायला सुरी पुरत नाही, करवत लागेल. फोनवर पाच मिनिटांत सगळं सांगता येत नाही, म्हणून हा कागद प्रत्येक पिशवीत घालायला सुरुवात केली आहे. पहिल्यांदा करणार असाल तर एकदा बसून वाचा आणि मग ओट्याशी उभे राहा.

इतकी वर्षं या फोनवर ऐकून आमचं एक मत पक्कं झालं आहे. पदार्थ बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा सामान चांगलं असतं आणि करणाऱ्याचा हातही चांगला असतो. चुकतं ते माप किंवा आच.

भाजण्याचं हे काम आपल्या घरांना नवं नाही. कोकणात तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून तवसोळी करतात. जाड बुडाच्या भांड्याखाली मंद आच आणि झाकणावर निखारे, म्हणजे वरून आणि खालून सारखी धग. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांतलं भानोलं, म्हणजे बेसनाची भाजलेली तिखट वडी, हीसुद्धा असंच निखाऱ्यांवर भाजली जायची. ओव्हन याहून वेगळं काही करत नाही. आणि ज्यांच्या घरी निखारेही नव्हते, त्यांनी दिवाळीच्या आधी घरी मळलेलं नानकटाईचं पीठ डब्यात घालून गल्लीतल्या बेकरीवर नेलं. आपल्या ट्रेला नावाची चिठ्ठी लावली आणि भट्टीतून तो बाहेर येईपर्यंत दारात उभं राहून वास घेतला. त्या भट्टीवाल्याच्या हातात दोन गोष्टी होत्या, त्याला वजन कळायचं आणि भट्टीची धग कळायची. आपल्याला घरी तेवढंच शिकायचं आहे.

वाटीवर विसंबू नका

कधी वेळ मिळाला तर घरातल्या तीन वेगवेगळ्या वाट्या घ्या, तिन्हींत मैदा भरा आणि वजन करून बघा. तिन्ही आकडे वेगळे येतील. शिवाय एकाच वाटीत मैदा हलक्या हाताने चमच्याने भरला तर एक वजन, डब्यात वाटी खुपसून दाबून भरला तर दुसरं. 240 मिलीच्या मापाच्या कपात हलका भरलेला मैदा साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो, दाबून भरला की 150च्या पुढे जातो. भाजीत एवढा फरक खपतो. केकमध्ये तीस ग्रॅम मैदा जास्त पडला की केक कोरडा होतो, वरून फुटतो आणि दुसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाही.

म्हणून आमच्या दुकानातून एकच वस्तू घ्यायची असेल तर साधा डिजिटल वजनकाटा घ्या. महागडे साचे आणि रंगीत स्पॅच्युला पुढे कधीही घेता येतील. काट्यावर रिकामं भांडं ठेवून शून्य करायचं, मैदा घालायचा, पुन्हा शून्य करायचं, साखर घालायची. धुवायची भांडीही कमी होतात. सोडा, बेकिंग पावडर आणि यीस्ट मात्र मापाच्या चमच्यानेच घ्या. साधा घरगुती काटा दोन-तीन ग्रॅम नीट दाखवत नाही.

आच

ओटीजीचा (कॉइलवर तापणाऱ्या छोट्या ओव्हनचा) तापमानाचा काटा 180वर ठेवला म्हणजे आत 180 अंश झालेच, असं धरून चालू नका. आमच्या घरच्या पहिल्या ओव्हनमध्ये केक दर वेळी वरून काळपट आणि आतून चिकट निघायचा. वर्षभर कृतीला दोष दिला. शेवटी आत एक छोटा थर्मामीटर टांगला तेव्हा कळलं की काटा 180वर असताना आत 210 अंश होत होते. त्या दिवसापासून काटा 155वर ठेवला आणि केक सुधारला. तुमचा ओव्हन कदाचित उलटा, थंडही असेल. एकदा तपासा, मिळालेला आकडा कागदावर लिहून ओव्हनला चिकटवा आणि पुढे तोच धरा.

ओव्हन आधी निदान 15 मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती अजून थंड असतात आणि दार उघडलं की तापलेली हवा निघून जाते. साचा मधल्या खणात, वरची-खालची दोन्ही कॉइल सुरू. पंखा असलेला कन्व्हेक्शन ओव्हन असेल तर कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा 20 अंश कमी ठेवा. नुसत्या सोलो मायक्रोवेव्हमध्ये यातला कुठलाही पदार्थ होणार नाही. तो आतलं पाणी तापवतो, बाहेरून खरपूस रंग देत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची मोठी कढई घ्या. तळाला मिठाचा बोटभर थर, त्यावर अडणी, घट्ट झाकण. मध्यम आचेवर 10 मिनिटं तापू द्या, मग साचा ठेवून आच बारीक करा. तेच मीठ पुन्हा पुन्हा याच कामाला चालतं. कढईतला केक वरून फिका राहतो, कारण खालून धग आहे आणि वरून नाही. आपल्या आज्यांनी झाकणावर निखारे ठेवले ते यासाठीच. फिका असला तरी तो कच्चा नसतो, मधोमध विणायची सुई घालून बघा. नॉनस्टिक कढई मात्र अशी कोरडी तापवू नका. आणि कुकर वापरण्याचा सल्लाही आम्ही देत नाही. बरेच जण शिट्टी आणि रिंग काढून करतात, पण पाण्याशिवाय तासभर तापवण्यासाठी तो बनवलेला नसतो.

सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट

खाण्याच्या सोड्याला काम करायला आंबट लागतं : दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. आंबट नसेल तर सोडा तसाच मागे राहतो आणि साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, तिला ओल आणि उष्णता मिळाली की पुरे. साधारण 120 ग्रॅम पिठाला एक छोटा चमचा बेकिंग पावडर पुरते. जास्त घातली तर केक जास्त फुगणार नाही, आधी उसळेल आणि मग खाली बसेल.

डबा जुना असेल तर बेकिंग पावडर गरम पाण्यात आणि सोडा लिंबाच्या रसात टाकून बघा. फसफसून वर आलं तर वापरा, नाहीतर सरळ टाकून द्या.

एक ताई एकदा तिखट केकचा तुकडा डब्यात घालून दुकानात घेऊन आल्या. पिवळ्या केकवर लालभडक ठिपके होते आणि हळदीत भेसळ आहे अशी त्यांची खात्री झाली होती. आम्ही काउंटरवरच चिमूटभर हळद पाण्यात कालवली आणि वर सोडा भुरभुरला. डोळ्यांदेखत पाणी लाल झालं. हळद चांगली होती, सोड्याच्या गुठळ्या मोडलेल्या नव्हत्या एवढंच. सोडा आणि बेकिंग पावडर पिठासोबत दोनदा चाळून घ्या.

यीस्ट हा जिवंत जीव आहे. पाणी कोमट हवं, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गरम किंवा थंड वाटू नये. कढत पाण्यात यीस्ट मरतं आणि मेलेलं यीस्ट कितीही वाट पाहिली तरी फुगत नाही. पाकीट उघडलं की हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. आपल्या नाशिकच्या थंडीत पीठ फुगायला मे महिन्याच्या दुप्पट वेळ लागतो. घड्याळाकडे पाहू नका, पिठाकडे पाहा.

नानकटाई

सुरुवात हिच्यापासून करा. यीस्ट नाही, अंडं नाही, फुगण्याची चिंता नाही.

थिजलेलं रवाळ साजूक तूप 120 ग्रॅम आणि पिठीसाखर 110 ग्रॅम हाताने किंवा व्हिस्कने फेसा. रंग पांढरा होईपर्यंत, साधारण 8 ते 10 मिनिटं. यात कंटाळा करू नका, खुसखुशीतपणा इथेच येतो. मग मैदा 150 ग्रॅम, बेसन 35 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, वेलदोड्याची पूड आणि कणभर मीठ एकत्र चाळून घाला. मळू नका, गोळा होईल एवढंच एकत्र करा. पाणी किंवा दूध घालायचं नाही. कोरडं वाटलं तर झाकून 10 मिनिटं ठेवा, हाताच्या उबेने तूप सैल होतं आणि गोळा जमतो. 20 ग्रॅमचे साधारण 22 गोळे होतात. किंचित चपटे करा, वर पिस्त्याचा काप दाबा आणि ट्रेमध्ये दोन बोटं अंतर ठेवून मांडा.

तूप वितळवून घेतलं की नानकटाई पसरते. उन्हाळ्यात तूप थिजलेलं राहतच नाही, तेव्हा मांडलेला ट्रे भाजायच्या आधी 20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. तुपाऐवजी लोणी घेऊ नका, लोण्यात पाणी असतं आणि पोत बदलतो.

170 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. ओव्हनमधून काढताना ती मऊच असते आणि इथेच बहुतेकांची चूक होते. मऊ लागली म्हणून पुन्हा आत ढकलली की खालून करपते. कडेला फिकट बदामी रंग दिसला की बाहेर काढा आणि थंड होईपर्यंत हात लावू नका. मोडून बघायचा मोह होतो, आम्हाला माहीत आहे, पण गरम नानकटाई उचलताच चुरते.

रव्याचा केक, बिनअंड्याचा

बारीक रवा 200 ग्रॅम, दही 200 ग्रॅम, पिठीसाखर 150 ग्रॅम, पातळ केलेलं तूप 80 ग्रॅम आणि दूध 100 मिली एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. रवा भिजला पाहिजे, नाहीतर दाताखाली कचकच लागते. फार घट्ट झालं तर दोन-तीन चमचे दूध घाला. साच्याला तूप लावून तळाला बटर पेपर घाला, ओव्हन तापवा आणि मग अगदी शेवटी बेकिंग पावडर एक छोटा चमचा आणि सोडा पाव छोटा चमचा मिसळा. सोडा घातलेलं मिश्रण ओट्यावर वाट बघत ठेवायचं नाही. सात इंची साचा, 180 अंश, 35 ते 40 मिनिटं. पहिली 25 मिनिटं दार उघडू नका. गोव्यात नाताळाला रवा आणि ओलं खोबरं घालून ‘बाथ’ करतात. या केकमध्येही 50 ग्रॅम ओलं खोबरं घालून बघा, वेगळाच ओलावा येतो.

कोबीचं भानोलं

तिखट पदार्थात आमचं सगळ्यात आवडतं. कोबी 300 ग्रॅम अगदी बारीक चिरा, एक छोटा चमचा मीठ चोळून पाव तास ठेवा. त्याला पाणी सुटेल, तेच पुरेसं आहे, वरून घालू नका. त्यात बेसन 150 ग्रॅम, आलं-लसूण-हिरवी मिरचीचं वाटण दोन मोठे चमचे, ओलं खोबरं मूठभर, कोथिंबीर, हळद, तिखट आणि तेल चार मोठे चमचे घाला. तेलात काटकसर केली तर भानोलं घशात अडकतं. सोडा अजिबात नको. तेल लावलेल्या साच्यात इंचभर जाडीने थापा, वर आणखी चमचाभर तेल पसरा, 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. वरचा पापुद्रा खरपूस आणि कडा साच्यापासून सुटलेल्या दिसायला हव्यात. पूर्ण निवल्यावरच वड्या कापा. सीकेपी घरांत यात सोललेली कोलंबी घालतात आणि ज्यांना चालते त्यांनी ती जरूर घालावी.

लादी पाव

याला संयम लागतो, म्हणून शेवटी ठेवला. मैदा 300 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट दीड छोटा चमचा, साखर 15 ग्रॅम, मीठ एक छोटा चमचा आणि कोमट दूध-पाणी मिळून 200 ग्रॅम. पीठ सुरुवातीला हाताला चिकटतं आणि इथे घाबरून लोक कोरडा मैदा टाकत जातात. पाव दगड होण्याचं मोठं कारण तेच. मैदा वाढवू नका, हात थोडा ओला करा आणि मळत राहा. पाच मिनिटांनी 25 ग्रॅम मऊ लोणी घालून आणखी सात-आठ मिनिटं मळा. लिंबाएवढा गोळा बोटांनी हळूहळू ताणला आणि न फाटता पलीकडचा उजेड दिसला की मळणं झालं.

झाकून दुप्पट होऊ द्या. मग हवा काढून 60 ग्रॅमचे नऊ गोळे करा, आठ इंची चौकोनी साच्यात जवळजवळ मांडा आणि पुन्हा अर्धा-पाऊण तास ठेवा, एकमेकांना टेकेपर्यंत. वरून दूध लावून 200 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. बाहेर काढताच लोणी फिरवा आणि ओलसर फडक्याने झाका, साल मऊ राहते. कणीक वापरायची असेल तर पहिल्या वेळी निम्मीच घ्या आणि पाणी 20-30 ग्रॅम वाढवा, कणकेला पाणी जास्त लागतं.

नानकटाई हवाबंद डब्यात दोन आठवडे चांगली राहते. केक आणि पाव दोन दिवसांत संपवा. भानोलं फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना तव्यावर तेल सोडून परता.

एवढं करूनही बिघडलं तर टाकून देऊ नका. तुकडा डब्यात घाला, कुठला साचा, किती तापमान आणि किती वेळ ते चिठ्ठीवर लिहा आणि दुकानात घेऊन या. दुपारी गर्दी कमी असते. तुकडा मोडून बघितला की आम्हाला बरंचसं कळतं, आणि तुमचा थर्मामीटर किंवा वजनकाटा तपासायचा असेल तर तोही सोबत आणा. त्याचे पैसे घेत नाही.