हेडलाइट टिंटिंग (घरगुती)

हेडलाइट टिंटिंग : मोटारीच्या पुढच्या दिव्यांच्या काचेवर रंगछटेची पातळ फिल्म चिकटवणे किंवा काळसर पारदर्शक रंगाचा फवारा मारणे. अॅक्सेसरीजच्या दुकानात याला ‘स्मोक’ करणे म्हणतात. फिकट स्मोक, गडद स्मोक आणि पिवळा या छटा जास्त खपतात. निळी, जांभळी किंवा पाहण्याच्या कोनानुसार रंग बदलणारी फिल्मही मिळते. अमेरिकेत आणि युरोपात गाडी सजवणाऱ्या हौशी मंडळींत हा प्रकार चांगला रुजला आहे, आणि ऑनलाइन खरेदीमुळे त्याचे तयार संच आपल्याकडेही घरपोच येतात. काम अवघड नाही. मात्र ज्या वस्तूवर ते केले जाते ती शोभेची नाही, म्हणून त्याचा हिशेब बोनेटवरच्या स्टिकरसारखा करून चालत नाही.

आपण ‘हेडलाइटची काच’ म्हणतो ती आता बहुधा काच नसतेच. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती. दगड लागला की तडकायची, पण वर्षानुवर्षे पिवळी पडत नसे. अमेरिकेत १९८३ साली नियम बदलून बल्ब बदलता येणाऱ्या, गाडीच्या आकाराला साजेशा दिव्यांना परवानगी मिळाली आणि १९८४च्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीला तसे दिवे आले. त्यानंतर पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकने जगभर काचेची जागा घेतली. ते हलके असते, सहज फुटत नाही आणि हव्या त्या आकारात ओतता येते. त्याचे दोन शत्रू आहेत : ऊन आणि ओरखडे. म्हणून कारखान्यातच त्यावर एक अतिशय पातळ, टणक आणि अतिनील किरण अडवणारा थर चढवतात. काही वर्षांच्या उन्हाने हा थर झिजला की दिवा धुरकट, पिवळसर दिसू लागतो. पॉलिकार्बोनेटला तिसरीही एक भीती असते, ती म्हणजे थिनर, अॅसिटोन आणि पेट्रोल. गोंदाचा डाग काढायला फडक्यावर थिनर घेणाऱ्याला पुढे काचेत केसासारख्या बारीक चिरा दिसतात, आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत.

संचात फिल्मची गुंडाळी किंवा त्या मॉडेलच्या मापाने आधीच कापलेले दोन तुकडे, पाणी निपटायची रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, धारदार कटर आणि कधी फवाऱ्याची बाटली असते. हीट गन बहुधा वेगळी घ्यावी लागते. हेअर ड्रायरवर भागते, फक्त वेळ जास्त लागतो. स्वस्त फिल्म पीव्हीसीची असते. महागडी पॉलियुरेथेनची असते. ती जास्त ताणली जाते, सुरकुतत नाही आणि बारीक ओरखडे उबेने स्वतःच भरून काढते. दिवा सपाट असेल तर पीव्हीसी पुरते. आजकाल मात्र बहुतेक गाड्यांचे दिवे बंपरपासून मडगार्डपर्यंत वळत जातात, आणि सगळी कसोटी त्या वळणावरच लागते.

फिल्म लावण्याची रीत अशी. दिवा शाम्पूने धुऊन, कोरडा करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचा. काच आधीच पिवळी पडली असेल तर १०००, मग २०००, मग ३००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासून पॉलिश केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पिवळेपणा झाकायला वर गडद फिल्म लावणे हा या कामातला सर्वांत वाईट निर्णय, कारण दोन्हींनी मिळून प्रकाश खाल्ला जातो. मग लिटरभर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून ते काचेवर आणि फिल्मच्या गोंदाच्या बाजूवर भरपूर मारायचे. ओल्या काचेवर फिल्म हवी तशी सरकवता येते. कोरड्यावर ती पहिल्या स्पर्शालाच धरून बसते. सर्व बाजूंनी तीन-चार सेंटीमीटर जास्त ठेवून फिल्म मधोमध टेकवायची आणि मध्यापासून कडेकडे पाणी निपटत न्यायचे. कोपऱ्यापाशी आल्यावर फिल्मच्या निऱ्या पडतात, साडीच्या पदराला पडाव्यात तशा. तिथे दाबून उपयोग नाही. फिल्म पुन्हा उचलायची, हीट गन हलती ठेवून ती मऊ करायची, दुसऱ्या हाताने वळणाच्या दिशेने ओढायची आणि निवायच्या आत पट्टी फिरवायची. गन एकाच जागी धरली की फिल्म क्षणात चकाकते, पातळ होते आणि फाटते. नवख्याचा पहिला दिवा बहुधा याच कोपऱ्यात बिघडतो, म्हणून जाणकार फिल्म दीडपट मागवतात. कापताना कटरचे टोक दिव्याच्या आणि बोनेटच्या फटीत चालवावे, काचेवर कधीच नाही. काचेवर उमटलेली रेघ फिल्म काढल्यावरही राहते. शेवटी कडा पुन्हा गरम करून दाबायच्या आणि गाडी दिवसभर कोरडी ठेवायची. राहिलेला पाण्याचा धूसरपणा दोन-चार दिवसांत विरतो. धुळीचा कण अडकला असेल तर तो मात्र तसाच राहतो. वाऱ्याच्या दिवशी उघड्यावर हे काम करू नये.

फवाऱ्याचे तंत्र वेगळे आहे. अमेरिकेत ‘व्हीएचटी नाइट-शेड्स’ नावाचा डबा यासाठी प्रसिद्ध आहे. भोवतालचा पत्रा मास्किंग टेप आणि कागदाने झाकायचा, काच बारीक पेपरने खरवडायची, वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून हलके हात मारायचे आणि प्रत्येक हात वाळू द्यायचा. त्यावर क्लिअर लॅकर आणि पॉलिश. नीट जमले तर फवारा फिल्मपेक्षा देखणा दिसतो, कारण त्याला कडा नसते. पण दोन्ही दिव्यांवर सारखी छटा आणणे हे सराईत पेंटरचे काम आहे; घरी एक दिवा नेहमी दुसऱ्यापेक्षा गडद होतो. शिवाय काच खरवडताना कारखान्याचा संरक्षक थर जातो. फिल्म उद्या सोलून काढता येते. फवारा काढायचा म्हणजे पुन्हा पेपर घेऊन घासत बसायचे आणि नंतर उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकला नवा अतिनील-रोधक थर द्यायचा. स्वतः प्रयोग करणाऱ्याने फवाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रकाशाचा हिशेब : फिल्मवर लिहिलेली टक्केवारी म्हणजे ती किती प्रकाश पार जाऊ देते ते. ५० टक्क्यांच्या फिल्ममधून अर्धा प्रकाश बाहेर येतो. दिवसा मात्र तोच दिवा त्याहून बराच काळा दिसतो, कारण बाहेरचा उजेड फिल्ममधून आत जातो, परावर्तकावर आपटतो आणि पुन्हा फिल्ममधून बाहेर येतो. दोन फेऱ्यांत निम्म्याचा निम्मा, म्हणजे चतुर्थांश उरतो. हौशी माणसाला हवे असलेले काळेभोर रूप या दुहेरी फेरीतून मिळते. त्यामुळे फिकट फिल्मही दिसायला पुरते, गडद घेण्याची गरजच नसते, हे विकणारे क्वचित सांगतात.

रात्री काय होते? अंतर वाढले की प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणून प्रकाश निम्मा झाला तर पूर्वी १०० मीटरवर जितके उजळत होते तितके आता सुमारे ७१ मीटरवर उजळते. ३५ टक्क्यांच्या फिल्मने ते ५९ मीटरवर येते, २० टक्क्यांच्या फिल्मने ४५ मीटरवर. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणजे ५० टक्क्यांच्या फिल्मनेही सव्वा सेकंदाहून अधिक वेळ हातातून जातो. रस्त्यात बसलेली गुरे, दिवे नसलेला उभा ट्रॉली-ट्रॅक्टर किंवा काळ्या कपड्यांत कडेने चालणारा माणूस दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

हे नुकसान चालवणाऱ्याला जाणवत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. डोळ्याला प्रकाशातला फरक सरळ प्रमाणात कळत नाही. निम्मा प्रकाश निम्मा वाटत नाही, किंचित कमी वाटतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वर ट्यूबलाइट असताना, भिंतीवर झोत टाकून ‘काही फरक नाही’ म्हणणारे सगळे प्रामाणिकपणेच तसे म्हणतात. पावसाळ्यात मात्र हिशेब उघड होतो. ओला डांबरी रस्ता आरशासारखा होऊन झोत पुढे फेकून देतो, चालकाकडे फार थोडा परत येतो. पांढरे पट्टे पुसट होतात. घाटात धुके आणि पाऊस एकत्र असताना टिंट केलेल्या दिव्यांनी गाडी चालवणे हे पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे चाचपडत जाणे आहे.

गडद फिल्मने निदान समोरच्याच्या डोळ्यांवर कमी प्रकाश येतो, असा युक्तिवाद ऐकू येतो. फिल्म अगदी स्वच्छ बसली असेल तर तो अर्धाच खरा. बुडबुडे, निऱ्या किंवा फवाऱ्याचा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असेल तर प्रकाश विखुरतो, डिपरच्या झोताची वरची कडा फिसकटते, आणि रस्त्यावर कमी पण समोरच्याच्या डोळ्यांत जास्त प्रकाश जातो. पुष्कळ गाड्यांत इंडिकेटर आणि दिवसा चालणारे दिवे त्याच काचेमागे असतात; भर दुपारच्या उन्हात स्मोक फिल्ममागचा पिवळा इंडिकेटर दुचाकीवाल्याला दिसतच नाही. मागच्या दिव्यांवर तीच फिल्म लावली तर त्यातल्या लाल परावर्तकाचेही तेच होते. मागून येणाऱ्याचा प्रकाश फिल्ममधून दोनदा जातो, ५० टक्क्यांच्या फिल्मने चतुर्थांशच परत येतो. बंद पडून अंधारात उभ्या राहिलेल्या गाडीपाशी तो परावर्तक एवढाच आधार असतो.

पूर्वीचे प्रकार : दिवे मुद्दाम रंगवणे नवे नाही. फ्रान्समध्ये १९३६च्या कायद्याने पिवळे हेडलाइट सक्तीचे झाले आणि १९९३पर्यंत तिथल्या गाड्या त्या रंगावरून ओळखू येत. तिथे बल्ब किंवा काचच पिवळी असे. घरी चिकटवलेली फिल्म नव्हे. १९७१च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट होता तेव्हा गाड्यांचे दिवे काळे करण्यात आले. त्याच्या पुढेमागे आपल्याकडे दिव्याचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवण्याची किंवा मधोमध काळा ठिपका चिकटवण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये हा त्यामागचा चांगला हेतू. एच-फोर बल्बच्या (अप्पर आणि डिपरच्या दोन तारा एकाच बल्बमध्ये असलेल्या) दिव्यांत मात्र तो फसतो. या बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक पत्र्याची वाटी असते, त्यामुळे डिपरचा प्रकाश परावर्तकाच्या वरच्या भागावरच पडतो. वरचा अर्धा भाग रंगवला की अप्परपेक्षा डिपरच अधिक मरतो, आणि चालक वैतागून सतत अप्परवर गाडी चालवू लागतो.

कायदा : खिडक्यांच्या काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१२चा निर्णय आणि किमान ७० व ५० टक्के प्रकाश पार जाण्याचे आकडे बहुतेकांना माहीत असतात, आणि तेच हेडलाइटला लागू पडतात असा समज दिसतो. ते आकडे गाडीच्या पुढच्या-मागच्या आणि बाजूच्या काचांसाठी, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९च्या नियम १००मधले आहेत. दिव्यांसाठी नियम १०५ आहे. हेडलाइटच्या प्रकाशात १५५ मीटर पुढची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसावीत असे तो सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घातली आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-एनुसार कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ब्रिटनमध्ये दिव्यावर लावलेल्या पदार्थाने प्रकाश उघडपणे कमी होत असेल तर गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते. अमेरिकेत दिव्यांचे मानक संघराज्याचे आहे, पण रस्त्यावरची कारवाई राज्यागणिक बदलते. तिथे अनेक उत्पादनांच्या पाकिटावरच ‘रस्त्यावर वापरासाठी नाही’ असे छापलेले असते.

दिवा खड्यांपासून आणि उन्हापासून वाचवणे हा हेतू असेल तर पूर्ण पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म लावावी. लावण्याची रीत वर सांगितली तीच, प्रकाश जवळजवळ तेवढाच राहतो, आणि पिवळेपणा काचेऐवजी फिल्मवर चढतो. काही वर्षांनी ती सोलून नवी लावता येते. काळे रूप प्रदर्शनापुरते किंवा फोटोपुरते हवे असेल तर फिल्म त्या दिवसापुरती लावून रात्रीच्या प्रवासाआधी काढून टाकावी.

काढताना घाई करू नये. फिल्म हात टेकवता येईल इतपत गरम करून एका कोपऱ्यापासून उचलावी आणि वर न ओढता काचेला जवळजवळ समांतर, सावकाश मागे ओढत न्यावी. तशी काढली तर बहुतेक गोंद फिल्मबरोबरच येतो. राहिलेले ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या मऊ फडक्याने मिनिटभर दाबून ठेवले की सुटतात. नंतर दिवा धुऊन, अंधार पडल्यावर गाडी भिंतीपासून आठ-दहा मीटरवर सपाट जागी उभी करून डिपर लावून पाहावा. दोन्ही झोत सारखे पांढरे आणि वरची कडा सरळ दिसली तर काच शाबूत आहे. एका बाजूला धुरकट वलय दिसत असेल तर तिथे गोंदाचा पातळ थर राहिला आहे, तो पुन्हा पुसावा.