मल्टिमीटरवर छापलेलं सगळं आलं कुठून

व्होल्ट, करंट, रेझिस्टन्स सगळं एकाच डब्यात मोजणारा मल्टिमीटर घ्यायचा म्हटलं की पहिला गोंधळ उडतो तो त्याच्यावर छापलेल्या गोष्टींनी. 2000 काउंट, ट्रू आरएमएस, 10 मेगाओहम, कॅट थ्री 600 व्होल्ट, आणि मग बरेच जण कंटाळून ज्यात फंक्शन जास्त तो मीटर उचलतात. खरं तर यातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे, ती अडचण काय होती हे कळलं की आपल्या कामाला त्यातलं काय लागणार तेही कळतं.

सुरुवात काट्याच्या मीटरपासून. कायमचा चुंबक, त्याच्यात फिरणारी कॉइल आणि तिला जोडलेला काटा, हे एडवर्ड वेस्टनने 1888 च्या सुमारास नीट नेता येईल असं बनवलं. पण व्होल्टचा मीटर वेगळा, अँपिअरचा वेगळा, रेझिस्टन्सचा वेगळा, लाइनवर काम करणाऱ्याने किती डबे घेऊन फिरायचं? ब्रिटिश पोस्ट ऑफिसमधला इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी याला हाच वैताग होता, त्याने तिन्ही एका डब्यात बसवले आणि 1923 मध्ये तो मीटर एव्हो नावाने बाजारात आला, अँपिअर, व्होल्ट, ओहम म्हणून एव्हो. त्याच घराण्यातलं मॉडेल 8 1951 मध्ये आलं आणि 2008 पर्यंत बनत होतं, यावरून ते डिझाइन किती पक्कं होतं बघा.

पण काटा हलवायला करंट लागतो आणि तो करंट मीटर सर्किटमधूनच ओढतो. चांगला काट्याचा मीटर 20,000 ओहम पर व्होल्टचा असायचा, म्हणजे 10 व्होल्टच्या रेंजला त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स 2 लाख ओहम. आता 10 व्होल्टवर 200 किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, मधे 5 व्होल्ट असायला पाहिजेत, हा मीटर लावला की दाखवणार 3.33, कारण खालच्या रेझिस्टरला मीटर पॅरलल जाऊन बसला. तेच 10 मेगाओहमच्या मीटरने 4.95 येतं. आधी व्हॅक्यूम ट्यूबवाल्या व्होल्टमीटरनी हा इनपुट रेझिस्टन्स 10-11 मेगाओहमपर्यंत नेला आणि डिजिटल मीटरमध्ये 10 मेगाओहम हा रिवाजच पडला.

याची दुसरी बाजू मात्र वायरिंगच्या कामात दिसते. चालू फेजच्या शेजारून एकाच पाइपातून गेलेली, दोन्हीकडून सुटी असलेली वायर डिजिटल मीटरवर चक्क 60-80 व्होल्ट दाखवू शकते, तिच्यात जोर काहीच नसतो, दोन वायरींमधल्या कपॅसिटन्समुळे आलेलं ते भुताटकीचं व्होल्टेज. काट्याचा मीटर करंट ओढायचा त्यामुळे ते तिथेच मरायचं. म्हणून नंतर काही मीटरमध्ये मुद्दाम लो झेड (कमी इनपुट रेझिस्टन्सचा) मोड दिला, त्यात इनपुट काही किलोओहमवर येतं आणि ते खोटं रीडिंग शून्याजवळ खाली येतं. घरातल्या, पॅनलच्या वायरिंगचं काम करणाऱ्याने हा मोड नक्की बघावा असं मला वाटतं, दहा जास्तीच्या फंक्शनपेक्षा तो उपयोगी.

आकडे दाखवणारा व्होल्टमीटर 1950 च्या दशकात अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्सने आणला, आत रिले खटखटत असायचे आणि तो टेबलावरच ठेवायची वस्तू होती. हातातला मीटर सत्तरच्या दशकात आला, 1977 चा फ्लूक 8020ए त्यातला नावाजलेला. त्याच सुमारास इंटरसिलची आयसीएल 7106 ही चिप आली आणि स्वस्त मीटरांचा रस्ता उघडला, 9 व्होल्टची बॅटरी आणि एलसीडी थेट चिपलाच. तिची पद्धत मला फार आवडते. आलेल्या व्होल्टेजने ठरावीक वेळ कपॅसिटर चार्ज करायचा, मग माहीत असलेल्या रेफरन्स व्होल्टेजने रिकामा करायचा आणि रिकामा व्हायला किती वेळ लागला ते मोजायचं, तेच रीडिंग. घड्याळ 40 किलोहर्ट्झवर ठेवलं की तो ठरावीक वेळ बरोबर 100 मिलिसेकंद होतो, म्हणजे 50 हर्ट्झच्या 5 सायकल आणि 60 हर्ट्झच्या 6, दोन्ही पूर्ण, म्हणून मेन्सची गुणगुण आपोआप कटते. 0 ते 1999 पर्यंतचे आकडे म्हणजे 2000 काउंट, पहिला आकडा फक्त 0 किंवा 1 म्हणून साडेतीन डिजिट, हेही याच चिपमुळे सगळीकडे पसरलं.

एसी मोजताना दाखवायचा असतो आरएमएस, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीएवढा आकडा, पण साधा मीटर सरासरी घेऊन 1.11 ने गुणतो, हे फक्त शुद्ध साइन वेव्हला खरं. स्क्वेअर वेव्ह दिली तर 11 टक्के जास्त दाखवणार, आणि एसएमपीएस (कॉम्प्युटर, चार्जरमधली सप्लाय), डिमर, मोटरच्या ड्राइव्हच्या टोकदार करंटला बरंच कमी. लोड नुसते बल्ब आणि हीटर होते तोवर कुणाचं अडलं नाही, इलेक्ट्रॉनिक लोड वाढले तसा वेव्हचा आकार कसाही असला तरी खरा आरएमएस मोजणारा ट्रू आरएमएस मीटर गरजेचा झाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कॅट, म्हणजे मीटरची सुरक्षेची कॅटेगरी. लाइनवर क्षणभर हजारो व्होल्टचा सर्ज येतो, मीटरच्या आत ठिणगी पडते आणि मग मागची सप्लाय त्या ठिणगीतून करंट ढकलत राहते, मीटर हातात फुटतो तो असा. म्हणून आयईसी 61010 या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये नुसतं व्होल्टेज न बघता तुम्ही सप्लायच्या किती जवळ आहात ते बघितलं जातं, जितकं जवळ तितका कॅटचा आकडा मोठा. कॅट टू 1000 व्होल्ट आणि कॅट थ्री 600 व्होल्ट, दोन्हीची टेस्ट 6000 व्होल्टच्या सर्जवर, पण पहिल्यात सोर्स 12 ओहमचा म्हणजे 500 अँपिअर आणि दुसऱ्यात 2 ओहमचा म्हणजे 3000 अँपिअर. छापलेला आकडा लहान असूनही डिस्ट्रिब्युशन पॅनलवर 600 वालाच मीटर टिकणार! नुसते व्होल्ट बघून घेणारे इथेच फसतात.

फ्यूजचंही तसंच. मीटरची लीड 10 अँपिअरच्या जॅकमध्ये राहिली आणि त्याच लीडने व्होल्टेज मोजायला गेलं की सरळ शॉर्ट, कारण त्या जॅकचा रेझिस्टन्स जवळपास शून्य, साधा काचेचा फ्यूज एवढा करंट तोडू शकत नाही, आतच आर्क चालू राहतो, म्हणून चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेले सिरॅमिक एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारे) फ्यूज असतात. तो उडाला की तसाच नवा फ्यूज बसवायचा, तिथे काचेचा फ्यूज किंवा तार बसवली तर बाहेर कॅट थ्री छापलेलं असलं तरी त्या मीटरने पॅनलला हात लावू नये.