पीसीओएस आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या: घेण्याआधी हे वाचा

नमस्कार ताई, नमस्कार वहिनी. आणि दादा, खाली तुमच्यासाठी पण आहे.

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज कोणीतरी मोबाइलमधला पाकिटाचा फोटो दाखवतं आणि हळू आवाजात विचारतं, हे घेतलं तर अंडी चांगली बनतील ना. गर्दीत नीट बोलता येत नाही, म्हणून हा कागद.

पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून पाळी आणि अंडं फुटणं अनियमित होण्याचा त्रास. त्यात सोनोग्राफीत ज्या गाठी दिसतात त्या खरं तर गाठी नसतातच, वाढ मधेच थांबलेले फॉलिकल, म्हणजे अंड्याच्या छोट्या पिशव्या, असतात. बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग इन्सुलिन वाढतं, त्याने ओव्हरीत (अंडाशयात) पुरुषी हार्मोन जास्त बनतात आणि अंडं वेळेवर फुटत नाही.

आता ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. आपल्या इंदुरात शेवेशिवाय घास उतरत नाही, तर शेवेचं पाकीट उघडं राहिलं की खवट वास येतो ना, ते तेलाचं ऑक्सिडेशन. शरीरात पण ऑक्सिजनचे असे उपद्रवी कण रोज बनतात आणि शरीर ते रोज निस्तरतं, पण पीसीओएसमधे वाढलेली साखर, चरबी आणि आतली सूज यामुळे ते जास्त बनतात आणि निस्तरणं मागे पडतं, हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. अंड्याला ताकद मिळते ती त्याच्या मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या वीजघरातून, आणि मार तिथेच बसतो. आयव्हीएफमधे (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) काही जणींची अंडी भरपूर निघतात पण चांगले भ्रूण थोडेच बनतात, त्यामागे हे एक कारण मानतात.

मग गोळ्या? अँटिऑक्सिडंट म्हणजे हे उपद्रवी कण आवरणारे पदार्थ. इनोसिटॉल, कोक्यूटेन, एनएसी, व्हिटॅमिन ई, सगळं आमच्याकडे आहे, विकतो पण, तरी खरं सांगतो, यांनी मूल होण्याची शक्यता वाढतेच असा पक्का पुरावा अजून नाही. काही अभ्यासांत फायदा दिसला, पण बरेच अभ्यास छोटे आहेत. अंडं फुटायला डॉक्टर बहुतेक आधी लेट्रोझोल देतात, ते बंद करून सॅशे सुरू करू नका, प्लीज. वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते, म्हणजे 70 किलोला साडेतीन किलो फक्त.

डॉक्टरांनी लिहून दिलंय तर जरूर घ्या, पण नीट घ्या. कोक्यूटेन जेवणाबरोबर, कारण ते तुपातेलात विरघळतं. एनएसीची गोळी पाण्यात टाकली की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्यातल्या गंधकाचा, गोळी खराब नसते, एका ताईंनी अख्खी पट्टी फेकून दिली होती. मेटफॉर्मिन (शरीराने इन्सुलिनला दाद द्यावी म्हणून देतात ती गोळी) पण जेवणासोबतच, आणि बरीच वर्षं चालू असेल तर बी12 तपासून घ्या.

दादा, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि सिगरेट-तंबाखूने त्यांच्या डीएनएला हाच मार बसतो. आज सोडली तर रिपोर्टमधे फरक दिसायला तेवढा वेळ धरा. सगळ्या तपासण्या एकट्या वहिनींच्याच करू नका.

येताना चिठ्ठी आणा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पण आणा, बऱ्याचदा दोन पाकिटांत तेच व्हिटॅमिन दोनदा असतं. दुपारी 2 ते 4 गर्दी नसते, काउंटरवर तेव्हा आमच्या वहिनी असतात, त्यांच्याशी निवांत बोला.