गिऱ्हाईक परदेशी, भांडवल घरचं

कोल्हापुरात परदेशी गुंतवणुकीचा विषय निघाला की बोलणं आधी विमानतळावर येतं. उजळाईवाडीची धावपट्टी १९३९ सालची, राजाराम महाराजांच्या काळातली. पुढची कित्येक वर्षं तिथं विमान कधी यायचं, कधी बंद पडायचं. २०१८ मध्ये 'उडान' योजनेतून सेवा पुन्हा सुरू झाली, धावपट्टी लांबली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यानंतर प्रत्येक बैठकीत एकच सूर ऐकू येतो: आता बाहेरच्या कंपन्या येतील. त्या याव्यात असं मलाही मनापासून वाटतं. पण या शहराचं परदेशाशी असलेलं नातं विमानतळापेक्षा पुष्कळ जुनं आहे आणि त्याची एक ठरावीक तऱ्हा आहे. कोल्हापूरला परदेशातून यंत्र मिळालं, तंत्र मिळालं, गिऱ्हाईक मिळालं. भांडवल मात्र बहुतेक वेळा घरचंच राहिलं.

सुरुवात रेल्वेपासून करू. मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. पैसा कोल्हापूर संस्थानाचा होता, गाड्या चालवायला सदर्न मराठा रेल्वे ही ब्रिटिश कंपनी. मालकी आपली आणि चालवायचं काम ज्याला येतं त्याच्याकडे, हा व्यवहार दरबारानं एकोणिसाव्या शतकातच केला होता. रेल्वे आली, तसा गुळाला बाहेरचा बाजार मिळाला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, व्यापाऱ्यांना जागा दिल्या आणि गुळाचे सौदे तिथं भरू लागले. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली.

१९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. त्याच वर्षी संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरलं आणि त्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. पैशाअभावी ते थांबलं, महाराज १९२२ मध्ये गेले, धरण पुरं व्हायला १९५७ उजाडलं. उद्योगाच्या इतिहासात मी धरण का आणतो, असं कुणी विचारेल. पंचगंगेच्या खोऱ्यात पाणी खेळलं म्हणून ऊस वाढला, ऊस वाढला म्हणून गुऱ्हाळं वाढली, चरक फिरवायला आणि नदीचं पाणी उपसायला ऑइल इंजिन लागलं. कोल्हापूरची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून भाग ओतणारा कारखाना, त्या इंजिनाच्या पोटातून जन्मली.

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. इंजिनं विलायतेहून यायची. एखादा भाग तुटला की मागणीपत्र पाठवायचं आणि बोटीची वाट बघायची, तोवर फडातला ऊस वाळायचा. दुसऱ्या महायुद्धात तर आयात जवळजवळ आटलीच. मग तुटका भाग घेऊन शेतकरी मिस्त्रीकडे जाऊ लागला. मिस्त्री तो भाग हातात फिरवून बघायचा, लाकडाचा पॅटर्न करायचा, वाळूत साचा घ्यायचा, भट्टीतलं लोखंड ओतायचं आणि लेथवर घासून बसवून द्यायचं. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं शहर आजही आदरानं घेतं. यातल्या कितीतरी लोकांनी कॉलेजची पायरी चढली नव्हती. सुटे भाग करता करता अख्खं इंजिन इथंच होऊ लागलं आणि शिवाजी उद्यमनगर गजबजलं.

निसर्गानंही हात दिला. ओतकामाला लागणारी सिलिका वाळू घाटाखाली, सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा भागात. बिडाचं लोखंड पुढं गोव्याहून मिळू लागलं. आज कोल्हापूर परिसरात सुमारे ३०० फाउंड्री आहेत असं सांगतात. यातली जवळपास कुठलीच बाहेरच्या पैशानं उभी राहिलेली नाही. घरची शेती, बायकोचे दागिने, सोसायटीचं कर्ज, भावकीतली उसनवारी, हेच भांडवल.

संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि जिल्ह्यानं सहकाराची वाट धरली. पंचगंगा साखर कारखाना, तात्यासाहेब कोऱ्यांची वारणा, १९६३ पासूनचा गोकुळ दूध संघ. हजारो शेतकऱ्यांच्या शेअरवर हे उभं राहिलं. इचलकरंजीत तर विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्येच पहिला यंत्रमाग बसवला होता, आणि मागवाल्यांचं ते गाव पुढं महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. या सगळ्याचा मनावर झालेला परिणाम मोलाचा आहे. इथल्या माणसाला कारखाना म्हणजे आपला कारखाना, असंच वाटतं. बाहेरून कुणी येऊन काढेल याची वाट बघायची सवय जिल्ह्याला लागली नाही. बहुराष्ट्रीय कंपनी आली तीही काम करवून घ्यायला: कॅडबरीसाठी बोर्नव्हिटा वारणेच्या डेअरीत तयार होऊ लागलं.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ मध्ये स्थापन झालं. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगाव या वसाहती झाल्या, उद्यमनगरातल्या कोंदट शेडमधून कारखाने महामार्गाच्या कडेला सरकले. तोवर पुण्यात टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज, किर्लोस्कर कमिन्स उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना ओतीव भाग हवे होते. ऑइल इंजिनावर वाढलेला कोल्हापूरचा कारखानदार आता मोटारींसाठी ओतू लागला. गिऱ्हाईक बदललं की दर्जाची भाषा बदलते. इंजिनाचा भाग शेतकऱ्याला 'बसला' की पुरे होता. मोटार कंपनीला मापात केसभर फरक चालत नाही.

१९९१ मध्ये देशाचे दरवाजे उघडले. त्याआधी १९७३ च्या विदेशी चलन कायद्यामुळे परदेशी हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांवर अडायचा. आता अनेक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत आपोआप परवानगी मिळू लागली. मोठ्या कंपन्या भारतात आल्या, पण थांबल्या कुठं? मर्सिडीज पुण्यात, पुढं फोक्सवॅगन चाकणला. दक्षिणेकडे टोयोटा बंगळुरूजवळ बिडदीला. पुणे-बंगळुरू महामार्गाची दोन्ही टोकं भरली, मधलं कोल्हापूर सुटे भाग पुरवत राहिलं. मुंबई-बंगळुरू आर्थिक कॉरिडॉरची आखणी झाली तेव्हाही महाराष्ट्रातलं केंद्र म्हणून साताऱ्याचं नाव पुढं आलं आणि कर्नाटकात धारवाडचं. कोल्हापूर या दोहोंच्या बरोबर मधे आहे.

तरीही एक अपवाद घडला, आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत मोठ्या कारखान्यांसाठी आखलेली होती. सलग जागा आणि हाकेच्या अंतरावर राष्ट्रीय महामार्ग. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनं तिथं कारखाना काढला, म्हणजे ज्या यंत्रावर कोल्हापूर शिकलं ते यंत्रच मोठ्या रूपात कागलला आलं. पण परदेशी पैसा आला तो कापडात. कुठल्या देशानं किती कापड निर्यात करायचं यावर मर्यादा घालणारी, जगभरच्या कापड व्यापारावरची कोटा पद्धत १ जानेवारी २००५ रोजी संपली. ज्या देशात सूत, कारागीर आणि शिवणकाम आहे, तिथं युरोपातले कापडवाले जागा शोधू लागले. रेमंडनं इटलीच्या झंबायती समूहाशी भागीदारी केली आणि उंची सुती शर्टिंगचा कारखाना कागलला उभा राहिला. तोच आजचा रेमंड लक्झरी कॉटन्स. तुर्कस्तानच्या सोक्तास कंपनीनंही तसंच बारीक सुताचं कापड विणायला हीच वसाहत निवडली.

तुर्की कंपनी थेट कागलला येते, यात योगायोगाचा भाग थोडा असेल. मोठा भाग हा की शेजारी इचलकरंजी आहे. माग कसा चालतो हे ज्या पोराला लहानपणापासून माहीत आहे, त्याला नवा माग शिकवायला वेळ लागत नाही. पुढं २०१९ मध्ये ग्रासिमनं सोक्तासचा भारतातला धंदा विकत घेतला. मालक बदलला, पण कारखाना आणि त्यातलं शिकलेलं हात-कसब इथंच राहिलं. परदेशी गुंतवणुकीकडून जिल्ह्यानं मागावं तर हेच मागावं, असं मला वाटतं.

उलट दिशेनंही एकदा पैसा गेला आहे. वर्तमानपत्रं छापायची यंत्रं शिरोलीत बनवणाऱ्या मनुग्राफनं २००६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची डॉफिन ग्राफिक मशीन्स ही कंपनी विकत घेतली. कोल्हापुरात मशीन बनवणाऱ्या कंपनीनं अमेरिकेतला कारखाना घ्यावा, ही बातमी तेव्हा गावात अभिमानानं सांगितली गेली. दरम्यान इंडो काउंटच्या इथल्या कारखान्यांतून चादरी अमेरिकेच्या दुकानांत जात राहिल्या आणि शिरोलीच्या भट्ट्यांमधून पवनचक्क्यांचे अवजड भाग परदेशी कंपन्यांसाठी ओतले जाऊ लागले. गिऱ्हाईक जगभरचं झालं.

मग गुंतवणूकदार का थबकतो? पहिलं कारण जमीन. नदीकाठची बागायत, खातेदार लहान, एका सातबाऱ्यावर पाच-दहा नावं. अशी जमीन शेकडो एकरांनी घेणं अवघड आणि महाग. नागपूर ते गोवा अशा नियोजित शक्तिपीठ महामार्गाला जिल्ह्यात जो विरोध झाला त्याच्या मुळाशीही हेच आहे, आणि तो विरोध समजून घेतल्याशिवाय इथं कुठलाही मोठा प्रकल्प आखू नये. दुसरं कारण बंदर. रत्नागिरी, जयगड नकाशावर जवळ दिसतात, पण मधे सह्याद्री आहे. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे कागदावरून रुळावर आलेली नाही, त्यामुळे निर्यातीचा कंटेनर घाट उतरण्याऐवजी रस्त्यानं थेट न्हावा-शेव्याला जातो.

तिसरं कारण वीज आणि शेजार. महाराष्ट्रातले औद्योगिक वीजदर महाग पडतात, ही तक्रार इथं जुनी आहे. कर्नाटकची हद्द कागल ओलांडलं की सुरू होते. २०१३ च्या सुमारास कोल्हापूरचे कारखानदार निपाणी भागात जागा बघायला लागले, कर्नाटक सरकारशी बोलणीही झाली. आपल्याच माणसाला टिकवून धरणं अवघड जात असेल, तर परक्याला बोलावताना आधी याच गोष्टीचं उत्तर तयार हवं.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये तेच. मोटार कंपनी भागांचा साठा ठेवत नाही. इथला ट्रक अडला की तिथली असेंब्ली लाइन थांबते. परदेशी खरेदीदाराच्या वहीत अशा आठवड्याची नोंद राहते.

शहराच्या कारभाराची गाठ वेगळीच आहे. महापालिका १९७२ मध्ये झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. शिरोली, गोकुळ शिरगाव, विमानतळ, सगळं हद्दीबाहेर. हद्दवाढीला गावांचा विरोध, कर वाढेल म्हणून उद्योजकांचाही. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलं गेलं. बाहेरच्या कंपनीला रस्ता, पाणी, सांडपाणी, परवाना यांसाठी एक दार हवं असतं. इथं महापालिका, प्राधिकरण, ग्रामपंचायत आणि एमआयडीसी अशी चार दारं आहेत. महानगर प्रदेश म्हणून जगासमोर जायचं असेल तर हा प्रश्न विमानतळाइतकाच निकडीचा आहे.

टोल आंदोलनाचा दाखला गुंतवणुकीच्या चर्चेत हमखास निघतो. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून करून घेऊन टोल लावायचा ठरला, खर्च २२० कोटी. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले, आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करण्याची घोषणा झाली. कोल्हापूर गुंतवणुकीला अनुकूल नाही, असा याचा अर्थ काही जण लावतात. मला तो पटत नाही. शहरानं खासगी पैशाला नकार दिला नव्हता, न विचारता केलेल्या कराराला दिला होता. ज्या गावानं रेल्वेचा करार १८९१ च्याही आधी केला, त्याला करारातल्या अटी कळतात.

न्यायाच्या बाबतीत एक मोठी गोष्ट मात्र पुरी झाली. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. व्यापारी तंट्यासाठी मुंबईची वारी टळणं, हे कारखानदाराच्या दृष्टीनं नव्या टर्मिनलपेक्षा कमी नाही.

जुन्या मैत्रीचाही या संदर्भात उल्लेख व्हायला हवा. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, आणि तिथले पाहुणे आजही भेटीला येतात. या नात्यातून अजून एकही कारखाना उभा राहिलेला नाही. पण युरोपात ज्या शहराचं नाव कृतज्ञतेनं घेतलं जातं, त्यानं तिथल्या व्यापारी मंडळींकडे संकोच न करता जावं.

शेवटी चपलेकडे येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता मांडल्या. इथून आवाज उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं आणि तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: इथल्या कारागिरांकडून २,००० जोड, किंमत जोडामागे सुमारे ८०० युरो. इटलीहून आलेला हाही पाहुणा गिऱ्हाईक म्हणूनच आला. या वेळी फरक इतकाच, की मालावर आपलं नाव असावं हे गावानं आधी वसूल केलं आणि मग सौदा केला. आता त्या ८०० युरोंमधले किती सुभाषनगरच्या कारागिराच्या हातात पडतात, ते बघायचं आहे.