वेग-प्रशिक्षण (अमेरिकन शालेय फुटबॉल)

अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉल संघांच्या खेळाडूंचा धावण्याचा वेग वाढवण्यासाठी दिले जाणारे नियोजनबद्ध प्रशिक्षण. खेळाडू ताजातवाना असताना त्याला लहान पल्ल्यावर जीव तोडून पळवायचे, प्रत्येक धावेची वेळ मोजायची आणि दोन धावांमध्ये भरपूर विश्रांती द्यायची, हे त्याचे मूळ सूत्र. दम वाढवण्यासाठी केली जाणारी पळापळ यापेक्षा वेगळी असते. या दोन्हींची गल्लत अनेक दशके होत आली आणि अजूनही पुष्कळ मैदानांवर होते.

येथे फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांमधला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि प्रतिस्पर्ध्याला अंगावर जाऊन पाडण्याचा हा अमेरिकन खेळ आहे. नववी ते बारावीची मुले तो शाळेकडून खेळतात. मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो, सामने बहुधा शुक्रवारी रात्री प्रकाशझोतात होतात आणि लहान गावांत त्या संध्याकाळी अर्धे गाव मैदानावर असते.

खेळाची गरज : शालेय सामना 12 मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे 48 मिनिटांचा असतो. पण खेळ सलग चालत नाही. एक खेळी साधारण पाच-सहा सेकंदांत आटोपते आणि पुढची सुरू होईपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ जातो. त्यातही प्रत्येक खेळाडू प्रत्येक खेळीत असतोच असे नाही. थोडक्यात, काही सेकंदांचा स्फोट आणि मग उसंत, असा हा खेळ आहे. 40 यार्डांच्या (36.58 मीटर) धावेत एकाला 4.7 सेकंद लागले आणि दुसऱ्याला 4.9, तर अखेरीस दोघांमध्ये जवळपास दोन यार्डांचे अंतर पडते. पाठलाग करणाऱ्याचा हात पोहोचणार की हुकणार, हे एवढ्याशा अंतरावर ठरते.

जुनी रीत : तरीही सरावाच्या अखेरीस मुलांना दमवून दमवून पळवणे हाच कित्येक पिढ्यांचा शिरस्ता होता. मैदानाच्या रुंदीवर (53⅓ यार्ड) दोनदा जाऊन-येऊन पळण्याचा ‘गॅसर’ हा त्यातला ठरलेला प्रकार. एक गॅसर सुमारे 213 यार्डांचा होतो, म्हणजे सामन्यातल्या जवळपास कोणत्याही धावेच्या दुपटीहून लांब. असे अनेक गॅसर लागोपाठ काढताना मुलगा तिसऱ्या-चौथ्या फेरीतच पाय ओढू लागतो आणि त्याच्या शरीराला सवय लागते ती हळू पळण्याची. चेंडू हातातून सुटला किंवा कुणी उशिरा आला, तर शिक्षाही याच गॅसरची.

यामागे कणखरपणाची एक विशिष्ट कल्पना होती. 1954 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांनी जंक्शन या गावी भरवलेले शिबिर तिचे प्रतीक ठरले. भाजून काढणाऱ्या उन्हात सराव, तोही पाण्याविना. बरेचसे खेळाडू शिबिर सोडून निघून गेले. पुढे त्या शिबिराच्या दंतकथा झाल्या, पण त्या मोसमात संघाने दहापैकी एकच सामना जिंकला होता, हे त्या दंतकथांबरोबर सांगायला हवे.

या रितीची किंमत पराभवापुरती राहिली नाही. 2001 मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचे व्यावसायिक खेळाडू कोरी स्ट्रिंगर सरावादरम्यान उष्माघाताने दगावले. त्यांच्या नावाची संशोधन संस्था आज कनेक्टिकट विद्यापीठात आहे. 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या एका खेळाडूला 110 यार्डांच्या धावा पुन्हा पुन्हा काढताना उष्माघात झाला आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. त्याला थंड पाण्यात बुडवण्याचा उपाय केला गेला नाही, असे चौकशीत नमूद झाले. खेळाडूंच्या दुखापती आणि आरोग्य सांभाळणाऱ्या तज्ज्ञांच्या नॅशनल अॅथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन या संघटनेच्या पुढाकाराने 2009 मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार मोसमाच्या पहिल्या 14 दिवसांत सरावाचा भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या दिवसापासून खांद्यांचे कवच आणि पूर्ण पोशाख त्यानंतरच. उष्माघात झालाच तर आधी बर्फाच्या पाण्यात शरीर थंड करायचे आणि मग रुग्णालय गाठायचे. मैदानाच्या कडेला पाण्याने भरलेला टब तयार नसेल, तर त्या दिवशी मुलांना पळवू नये, इतकी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

शरीरशास्त्र : पूर्ण वेगाच्या धावेला स्नायूंतील एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनांचा तयार साठा लागतो. तो काही सेकंदांतच उतरतो आणि बऱ्यापैकी भरून यायला तीन ते पाच मिनिटे घेतो. ही उसंत दिली नाही, तर पुढची धाव वेगाची राहत नाही, दमाची होते. प्रशिक्षकांचा ढोबळ हिशेब असा, की दर दहा यार्डांमागे एक मिनिट विश्रांती. मुले रांगेत नुसती उभी पाहून जुन्या वळणाच्या पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. खरे तर सराव त्या उभे राहण्यामुळेच साधतो.

पीटर वेयँड आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसले, की वेगवान धावपटू पाय हवेत फार झपाट्याने पुढे आणतात असे नाही. पाऊल जमिनीला टेकते तेवढ्या क्षणात ते जमिनीवर अधिक जोर लावतात. म्हणून पायांची ताकद वाढवणारे स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) आणि उड्यांचे प्रकार या प्रशिक्षणाचा भाग असतात. मात्र वजने उचलून मुलगा आपोआप वेगवान होत नाही. त्या ताकदीचा उपयोग शरीराला प्रत्यक्ष पळूनच शिकावा लागतो.

पद्धत : एका ठरावीक सत्रात मुले आधी गुडघे उंच उचलणे, एका पायावर उसळत जाणे, घोटे ताठ ठेवून छोट्या उड्या मारणे असे प्रकार करतात. हे सारे थोडक्यात, घाम येईपर्यंत. मग वेग पकडण्याच्या 10 ते 20 यार्डांच्या दोन-तीन धावा आणि शेवटी ‘फ्लाइंग टेन’. यात खेळाडू 20-25 यार्ड अंतरावरून वेग घेत येतो आणि पूर्ण वेगात असताना फक्त पुढच्या दहा यार्डांची वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रावर मोजली जाते. दहा यार्ड 1.00 सेकंदात पार केले, तर वेग ताशी 32.9 किलोमीटर होतो आणि 1.10 सेकंद लागले तर सुमारे 29.9. शालेय पातळीवर एक सेकंदाच्या आत येणारा मुलगा संघात उठून दिसतो. अशा दोन-तीन धावा झाल्या की सत्र संपते. वेळ घसरू लागली, तर त्याआधीच थांबवायचे.

हाताच्या स्टॉपवॉचवर भरवसा ठेवता येत नाही. सुटताना अंगठा उशिरा दाबला जातो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. शाळांच्या मैदानांवर 4.4 सेकंदांत 40 यार्ड धावणारी इतकी मुले ऐकू येतात ती याचमुळे. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगच्या निवड चाचणीतला 2024 मधला झेव्हियर वर्दी याचा विक्रम 4.21 आहे, हे लक्षात घेतले की त्या दाव्यांचे वजन कळते.

आठवड्याची आखणी कॅनडाचे स्प्रिंट प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांच्या विचारांवरून आली. पूर्ण जोराचे दिवस आणि हलके दिवस वेगळे ठेवायचे, मधल्या जोराच्या कामात आठवडा घालवायचा नाही. त्यांचा शिष्य बेन जॉन्सन याचे 1988 च्या सोल ऑलिंपिकमधले सुवर्णपदक उत्तेजकांमुळे काढून घेतले गेले. तो डाग कायम आहे, आखणी मात्र उपयोगी ठरली. शालेय फुटबॉलमध्ये या विचाराला सर्वाधिक पसरवले ते इलिनॉय राज्यातील प्लेनफील्ड नॉर्थ हायस्कूलचे अॅथलेटिक्स प्रशिक्षक टोनी हॉलर यांच्या ‘फीड द कॅट्स’ पद्धतीने. वेळा नोंदवा, क्रम लावा आणि सर्वांना दिसतील अशा लावा, हा त्यांचा आग्रह. वयात येणाऱ्या मुलांना याची ओढ लागते. काल 1.08 आलेला मुलगा 1.06 साठी झोप आणि जेवण सांभाळू लागतो. पण यादीत कायम तळाशी असणाऱ्यांचाही विचार हवा. त्यांची तुलना त्यांच्याच मागच्या वेळेशी करणे शहाणपणाचे.

आक्षेप : शेवटच्या 12 मिनिटांत मुले गळून पडतील, हा सर्वांत जुना आक्षेप. त्याला उत्तर आकड्यांत देता येते. ताशी 32 किलोमीटर वेग गाठू शकणाऱ्याला 27 ने पळताना क्षमतेच्या सुमारे 84 टक्के वापरावे लागतात. 28 वरच थांबणाऱ्याला त्याच धावेसाठी 96 टक्के लागतात. पहिला नंतर दमतो. तरीही हे उत्तर सर्वांना पुरत नाही. पुढच्या फळीतले 110-120 किलोचे लाइनमन क्वचितच पूर्ण वेगापर्यंत पोहोचतात. त्यांना पहिल्या दोन-तीन पावलांची झेप, कुस्तीसारखी रेटारेटी आणि ती पुन्हा पुन्हा करण्याचा दम लागतो. त्यांच्यासाठी फ्लाइंग टेनवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. शिवाय मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग स्नायू बहुधा पूर्ण वेगातच दुखावतो. नियमितपणे पूर्ण वेगाने पळणाऱ्याचा तो टिकतो, पण महिनाभर न पळता एकदम जोर लावणाऱ्याचा दगा देतो. झपाट्याने उंची वाढत असलेल्या मुलाला तर हात-पाय स्वतःचेच परके वाटतात. त्या महिन्यांत त्याची वेळ घसरली, तर घाबरण्याचे कारण नसते.

अॅथलेटिक्सशी नाते : सर्वांत स्वस्त वेग-प्रशिक्षण शाळेत आधीपासूनच असते. वसंतातल्या अॅथलेटिक्सच्या मोसमात 100 मीटर आणि 4×100 रिले धावणारा फुटबॉलपटू तीन महिने तेच करतो. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचे सुवर्ण जिंकून पुढे डॅलस काउबॉइज संघाकडून सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकणारे बॉब हेज हे या नात्याचे सर्वांत मोठे उदाहरण. मोठ्या शाळांत काही फुटबॉल प्रशिक्षक मुलांना त्या महिन्यांत जिममध्येच अडकवून ठेवतात आणि अॅथलेटिक्सच्या प्रशिक्षकांशी त्यावरून खटके उडतात. लहान शाळांत हा वाद सहसा उद्भवत नाही, कारण दोन्ही संघांत मुले तीच असतात आणि पुष्कळदा प्रशिक्षकही तोच.