फिल्म एकीकडे, आवाज दुसरीकडे

कोकणातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर ८ मिलिमीटर फिल्मची रिळं सापडतात, तेव्हा त्याच डब्यात पुष्कळदा टेपचा एखादा स्पूल किंवा कॅसेटही असते. रीळ स्कॅन करायला मुंबईला जातं. कॅसेट मात्र जुनी गाणी असतील म्हणून मागे राहते, नाहीतर भंगारात जाते. त्या कॅसेटमध्ये त्याच रिळाचा आवाज असू शकतो. तो फिल्मवर का नव्हता, आणि दोन्ही एकत्र चालवायला लोकांनी काय काय केलं, हे कळलं तर ती कॅसेट कोणी टाकणार नाही.

कोडॅकने ८ मिलिमीटर फिल्म १९३२ मध्ये आणली आणि सुपर ८ ही तिची सुधारित आवृत्ती १९६५ मध्ये. इकडे हे कॅमेरे आले ते बहुतेक माणसांबरोबर: जहाजावर नोकरीला असलेले, आफ्रिकेत किंवा पुढे आखातात गेलेले, कोणी मुंबईचे चाकरमानी. सुपर ८ च्या ५० फुटी कार्ट्रिजमध्ये सेकंदाला १८ चौकटी (फ्रेम) या वेगाने ३ मिनिटं २० सेकंदांचं चित्रण व्हायचं. शिमग्याची पालखी, गणपतीची आरती, नव्या होडीची पूजा यांतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते त्या तीन मिनिटांत बसवायचं. आणि हे सगळं मुकं. आवाज हवा तर शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, किंवा नंतर घरातल्या कोणी चित्र बघत बोलायचं आणि ते टेप करायचं. फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आल्यावर हे सोपं झालं, कारण यंत्र सेलवर चालायचं आणि पालखीबरोबर नेता यायचं.

मोठ्या सिनेमाने हाच प्रश्न आधी भोगला होता. मालवणजवळच्या सुकळवाडच्या दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १९१२ मध्ये मुंबईत कोरोनेशन सिनेमागृहात लागला, तो मूकपटच. तिकडे फ्रान्समध्ये गोमाँ कंपनीने १९०२ च्या सुमारास ग्रामोफोन आणि प्रोजेक्टर जोडायचा प्रयत्न केलेला होता. १९२६ मध्ये अमेरिकेत व्हिटाफोन आलं: प्रत्येक रिळाची एक १६ इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे, प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरवर. सुई तबकडीवरच्या खुणेवर, फिल्मची पहिली खूण गेटमध्ये (भिंगामागे जिथे चौकटीवर उजेड पडतो तिथे), मगच बटण. फिल्म तुटून चार चौकटी कापाव्या लागल्या तर तिथे चार काळ्या चौकटी चिकटवायच्या, नाहीतर पुढचं सगळं रीळ आवाजाच्या आधी धावायचं. पुढे आवाज फिल्मच्या कडेवरच छापायला लागले आणि सिनेमागृहाचा प्रश्न मिटला. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला तोवर तबकडीचे दिवस सरत आले होते.

घरगुती फिल्मची पट्टीच इतकी अरुंद की कडेला तसा आवाज छापून चांगला ऐकू येईना. म्हणून घरोघर तबकडीचाच जमाना परत आला, तबकडीच्या जागी टेप घेऊन. फरक एवढाच की इथे दोन यंत्रांना मिळून एक मोटर नव्हती. सगळी गोम तिथे आहे.

दोन्ही एकदम सुरू करणं अवघड नसायचं. फिल्मच्या कोऱ्या पट्टीवर फुली, टेपवर पांढरी खूण, आणि दोघांना एक स्विच. अडचण पुढच्या दहा मिनिटांत यायची. साध्या प्रोजेक्टरच्या मोटरचा वेग व्होल्टेजवर अवलंबून असतो. विजेवरच्या बऱ्याच टेपरेकॉर्डरांची मोटर मात्र पुरवठ्याच्या ५० हर्ट्झला (विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांना) बांधलेली असते, आणि सेलवरच्या कॅसेट रेकॉर्डरला तर बाहेरच्या विजेशी देणंघेणंच नसतं. हर्ट्झ सगळ्या जाळ्यात जवळपास सारखे राहतात, व्होल्टेज मात्र प्रत्येक वाडीचं वेगळं. पोफळीला कोयनेची वीज तयार होत होती, पण लांबच लांब तारांच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की बल्ब पिवळा पडायचाच. बल्ब पिवळा पडला की प्रोजेक्टर मंदावायचा आणि टेप आपल्या चालीने पुढे जायची. सुपर ८ चं २०० फुटी रीळ १३ मिनिटं २० सेकंद चालतं. वेगात फक्त २ टक्के फरक पडला तरी शेवटाला १६ सेकंदांची तफावत, म्हणजे आरती संपून प्रसाद वाटायला लागल्यावरही पडद्यावर निरांजन फिरतंय. लाइट गेली तर चित्र जागच्या जागी बंद, आणि सेलवरची कॅसेट बोलतच राहायची.

यावरचे उपाय बघितले की माणसांच्या चिकाटीचं मला खरंच कौतुक वाटतं. पहिला उपाय डोळ्याचा. टेपच्या वाटेत रेघा आखलेली एक छोटी चकती बसवायची, ती टेपने फिरायची. प्रोजेक्टरच्या फिरत्या झाकणाची (शटरची) पाती उजेड तोडतात, त्या लुकलुकत्या उजेडात ती चकती धरायची. दोन्ही वेग जुळले की रेघा स्थिर दिसतात. पुढे सरकू लागल्या, मागे सरकू लागल्या, की वेगाची कळ तेवढी फिरवायची. याची खुबी अशी की इथे टेप आणि प्रोजेक्टर यांची थेट एकमेकांशीच गाठ घातलेली असते, पुरवठा कसा का असेना. पण एक माणूस सगळा वेळ पडद्याकडे पाठ करून चकतीकडे बघत बसायचा.

१९५० च्या दशकात ऑइमिग या ऑस्ट्रियन कंपनीने ती कामगिरी यंत्राकडे दिली. टेप रेकॉर्डरमधून निघून प्रोजेक्टरवरच्या रुळावरून जायची, आणि मधे टेपचा एक सैल पट्टा एका हलत्या दांडीवर टेकलेला असायचा. प्रोजेक्टर मागे पडला की पट्टा लांबायचा, दांडी खाली जायची आणि तिला जोडलेला रोध (वीज अडवणारा भाग) बदलून प्रोजेक्टरच्या मोटरला जास्त वीज मिळायची. पुढे गेला की उलट. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत सुबक कल्पना. दोन यंत्रांतला मालक कोण, हे तिने ठरवून टाकलं: टेप आपल्या चालीने जाईल, चित्राने मागून यायचं.

१९६० च्या दशकाअखेर बेल अँड हॉवेलसारख्या कंपन्यांनी तेच विजेच्या ठोक्यांनी साधलं. चित्रणाच्या वेळी कॅमेरा प्रत्येक चौकटीला एक ठोका तारेतून कॅसेटकडे पाठवायचा, आणि तो दुसऱ्या ट्रॅकवर नोंदला जायचा. दाखवताना त्या ठोक्यांवर प्रोजेक्टरचा वेग बेतायचा. म्हणून जुन्या कॅसेटच्या एका बाजूच्या स्पीकरमधून नुसती टिकटिक किंवा घरघर आली तर ती खराब समजून पुसू नका. चौकटी मोजायचं साधन तेच आहे.

१९७३ मध्ये कोडॅकने चुंबकीय पट्टी लावलेली सुपर ८ आणली आणि आवाज अखेर फिल्मवर आला, चित्राच्या १८ चौकटी पुढे. चित्राला गेटमध्ये थांबत थांबत जावं लागतं आणि आवाजाला न थांबता, म्हणून एवढं अंतर. तोवर व्हिडिओ येऊ घातला होता. १९९७ मध्ये कोडॅकने आवाजाची सुपर ८ फिल्म बंद केली.

आज रीळ आणि कॅसेट दोन्ही संगणकात येतात, पण वेगाचा प्रश्न तसाच. स्कॅन करणाऱ्याने फिल्म थेट व्हिडिओच्या सेकंदाला २५ चौकटींवर बसवून दिली तर पालखी पळू लागते. ८ मिलिमीटरच्या जुन्या रिळाला १६ आणि सुपर ८ ला १८ चौकटी मागून घ्याव्यात. कॅसेट स्टिरिओत, दोन्ही ट्रॅक वेगळे ठेवून उतरवावी. मग खूण शोधायची. आरतीत टाळ एकमेकांवर आपटतात ती चौकट आणि संगणकावर दिसणाऱ्या आवाजाच्या लाटेतलं त्याच क्षणाचं उभं टोक, हे जुळवलं की सेकंदाच्या अठराव्या भागापर्यंत नेमकेपणा येतो. असाच एक टाळ सुरुवातीचा आणि एक शेवटचा घ्यावा. मधला फरक सगळ्या लांबीवर सारखा वाटून आवाज ताणावा किंवा आवळावा. मधेच ओठ चुकू लागले, तर तिथे बहुधा फिल्म तुटून जोडलेली असते. जोडावरची चिकटपट्टी स्कॅनमध्ये दिसते, आणि हरवलेल्या चौकटींएवढा काळा तुकडा तिथे घातला की पुढचं आपोआप जागेवर येतं.